जवळची वाट

मुंबईच्या बंदरातून दक्षिणेकडे वळलेला समुद्राचा एक हात करंजा आणि रेवस या दोन गावांच्या मधून जमिनीत शिरतो, खारफुटीच्या कडेकडेने वळणे घेत आत सरकतो आणि सह्याद्रीवरून जांभूळपाडा-नागोठण्याच्या वाटेने खाली आलेल्या अंबा नदीला भेटतो. या पाण्यास धरमतरची खाडी म्हणतात; आणि ज्या गावावरून तिला हे नाव पडले ते धरमतर पेण तालुक्याच्या बाजूस, खाडीच्या पूर्वकाठी, अगदी पाण्याला चिकटून बसले आहे. पलीकडच्या काठावर अलिबाग तालुका लागतो. तेथले शहाबाज-पोयनाडचे लोक अलीकडच्यांना दिसतात, अलीकडचे त्यांना दिसतात. गावाच्या नावातला 'तर' हा कोकणातला जुना शब्द आहे. माणसे, गुरे आणि गाठोडी पलीकडे नेणारी नाव ती तर, आणि ती जेथून सुटते ती जागाही तरच. धर्मशाळेत मुक्कामाचे भाडे द्यावे लागत नाही, तसा या तरीवर कोणे एके काळी उताराचा पैसा पडत नसावा, असा या नावाचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. तो तर्क आहे, शिलालेख नव्हे.

या धरमतरच्या धक्क्यावर उभे राहून, पूल होण्यापूर्वीच्या काळी, कोणी उतारूने "पोयनाड जवळ आहे का हो?" असे विचारले असते, तर त्याला मैलांत उत्तर मिळाले नसते. उत्तर पाण्यावर अवलंबून असे. भरती असली तर जवळ, ओहोटी असली तर दूर. ओहोटीला खाडीच्या दोन्ही अंगांना गुडघाभर चिखल उघडा पडतो, आणि मधले पाणी कितीही अरुंद झाले तरी त्या पाण्यापर्यंत पोचणे हेच मोठे प्रवासाचे काम होऊन बसते; म्हणजे पाणी आटले की काठ एकमेकांच्या जवळ यावेत, ते उलट दुरावतात. मुंबईहून धरमतरपर्यंत येणाऱ्या आगबोटींचे आणि गलबतांचे वेळापत्रकही या चंद्राच्या कारकुनानेच लिहिलेले असे. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांना त्यासाठी घड्याळाची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशेब: अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण पाणी सहाच्या सुमारास, दशमीस साडेसात, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढे. अष्टमीच्या आसपासचे ते भांगाचे पाणी, मंद आणि कमी; पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण. आज पंचांगात कोणती तिथी आहे यावर पलीकडचे गाव किती जवळ हे ठरत असेल, तर 'जवळ' हा शब्द अंतराचे माप आहे असे आपण जे गृहीत धरून चालतो, ते एकदा तपासून पाहावयास हवे.

ही तपासणी शब्दाच्या जन्मापासून सुरू केली की पहिल्याच पावलाला एक मौज हाती लागते. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ 'जवळ' या शब्दाचे मूळ संस्कृत 'यमल' या शब्दात पाहतात. यमल म्हणजे जुळे. आरंभीच्या य-काराचा ज झाला, दोन स्वरांमधला म-कार विरघळून व झाला, आणि ल-काराचा मराठीने आपल्या सवयीप्रमाणे ळ केला. मूळ अर्थाची खूण अजून बुजलेली नाही. केळीच्या घडात एकाच सालीत दोन केळी जोडून आलेली असली तर त्यांना जावळी केळी म्हणतात, आणि ती सुनेने खाल्ली तर घरात जुळे होते अशी समजूत सांगणाऱ्या आजीबाई आमच्या लहानपणी घरोघर होत्या. गोव्याकडे कोंकणीत तर जुळ्या मुलांना आजही 'जंवळीं' असेच म्हणतात. गंमत अशी की, ज्या कोंकणीने जुळ्यांसाठी हा शब्द राखून ठेवला, तिने सान्निध्यासाठी मात्र 'लागीं' हा दुसराच शब्द घेतला. आणि मराठीने जुळ्यांना 'युगला'च्या कुळातला शब्द देऊन 'यमला'च्या वंशजाला शेजाराच्या कामाला लावले. भाऊबंदांनी वडिलोपार्जित जमिनीचे वाटे करावे तशी ही दोघी बहिणींची वाटणी आहे.

तेव्हा 'जवळ' म्हणताना आपण मुळात 'थोड्या अंतरावर' असे म्हणत नव्हतो. 'जोडीने', 'एकाच कुशीत' असे म्हणत होतो. अंतराचा विचार मागाहून आला. याच ठिकाणी एक विषयांतर करून घेतो, कारण खाडीकाठी बसून हा शब्द उच्चारला की ते टळत नाही. आगरी बोलीत ळ-काराचा ल-कार होतो. म्हणून तेथे 'जवळ'चे 'जवल' होते, आणि त्याच उच्चाराशेजारी 'जवला' उभा राहतो: डोल जाळ्यात सापडणारी, उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली ती बारीक कोळंबीची जात, जिला आपण पुस्तकी मराठीत जवळा म्हणतो. या दोन शब्दांचे नाते मी जुळवीत नाही. पेणच्या बाजारात सुक्या जवळ्याच्या ढिगापाशी उभे राहिल्यावर वासाच्या बाबतीत 'जवळ' आणि 'दूर' हा भेद उरत नाही, एवढेच नमूद करून पुढे जातो.

'जवळ' शब्दाची संस्कृत जाऊबाई 'समीप'. ही वयाने मोठी, बोलण्यात सोवळी, लग्नपत्रिकेत आणि कीर्तनात वावरणारी. हिच्या पोटात काय दडले आहे ते पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात एका लहानशा सूत्राने उघड केले आहे. 'अप्' म्हणजे पाणी. 'द्वि', 'अन्तर्' किंवा एखादा उपसर्ग यांच्यापुढे हा 'अप्' आला की त्यातल्या अ-काराचा ई-कार होतो, असे ते सूत्र सांगते. दोन बाजूंनी पाणी ते द्वीप; पाण्यात आत घुसलेली जमीन ते अन्तरीप; पाण्याच्या ओघाविरुद्ध ते प्रतीप; आणि पाणी जेथे एकत्र येते ते समीप. आपण रोज बोलतो त्या शब्दात इतका ओलावा असेल अशी कल्पना किती वाचकांना असेल? 'लग्नघटिका समीप आली' असे भटजी म्हणतात तेव्हा त्यांच्या मुखातून, त्यांच्या आणि यजमानांच्या नकळत, दोन प्रवाहांचा संगम उच्चारला जात असतो. धरमतरला या व्युत्पत्तीचे प्रात्यक्षिक दिवसातून दोनदा पाहावयास मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी वर चढते, अंबेचे गोडे पाणी खाली उतरते, आणि दोहोंच्या मिळणीची रेषा काही वेळ गढूळ फेसाच्या रूपाने दिसतेही. ती रेषा म्हणजे समीप.

संस्कृतात सान्निध्याचा भार वाहणारा आणखी एक अगदी लहान शब्द आहे, तो 'उप'. गुरूने शिष्याला आपल्याजवळ नेणे ते उपनयन, गुरूजवळ बसून ऐकावयाचे ते उपनिषद, आणि देवाजवळ राहणे तो उपवास. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी पुढे ओढताना आपण नेमके कोणाजवळ राहत आहो, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा. पण सामीप्याचे माप किती काटेकोर असू शकते हे पाहावयाचे असेल तर भक्तिमार्गातील चार मुक्ती आठवाव्यात, ज्यांचा उल्लेख समर्थांनीही दासबोधात केला आहे: सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. देवाच्या लोकी जाऊन राहणे ही पहिली पायरी, त्याच्या जवळ असणे ही दुसरी, त्याच्यासारखे रूप मिळणे ही तिसरी, आणि त्याच्यात मिसळून जाणे ही चौथी. म्हणजे एकाच गावी राहणे हे जवळ असणे नव्हे, हे आपल्या अध्यात्माने स्पष्ट सांगितले आहे. आणि जवळ असणे म्हणजे एक होणे नव्हे, हेही त्याच श्वासात सांगितले आहे. समीपता दुसऱ्या पायरीवर आहे. पंढरपुरास जाऊन नामदेव पायरीवर माथा टेकून कळसदर्शनावर परतणाऱ्या वारकऱ्याला या पायऱ्यांचा हिशेब पंडितांपेक्षा अधिक कळतो.

आता रोजच्या बोलण्याकडे वळू. मराठीत 'माझे आहे' हे सांगण्यासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. ते काम आपण विभक्तीवर आणि शब्दयोगी अव्ययांवर सोपविले आहे, आणि त्यामुळे मालकीचे जे बारकावे मराठीत उमटतात ते पाहून परभाषी माणूस थक्क होतो. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे दोन बैल आहेत', 'माझ्याजवळ दोन रुपये आहेत' या तीन वाक्यांत 'असणे' एकच, पण भाऊ नात्याने आहेत, बैल ताब्यात आहेत आणि रुपये अंगावर आहेत. गोठ्यातल्या बैलाविषयी 'माझ्याजवळ' म्हटले तरी चालून जाते, पण 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे कोणी म्हटले तर भाऊ शहरातून येऊन याच्या घरी उतरले आहेत असाच अर्थ होईल. सावकार 'माझ्याकडे पैसे आहेत' असे म्हणतो. तोच सावकार वाटेत चोर आडवा आला की 'माझ्याजवळ काही नाही' असे म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो व्याकरणदृष्ट्या खरे बोलत असतो.

बोलण्याच्या क्रियेबरोबर आलेला 'जवळ' तर याहून नाजूक आहे. 'सासूशी बोलली' आणि 'आईजवळ बोलली' यांत अंतराचा काही प्रश्नच नाही. सासू हाताच्या अंतरावर असते आणि आई चार कोसांवर. 'शी' म्हणजे समोरासमोरचा व्यवहार. 'जवळ' म्हणजे विश्वासाने मन मोकळे करणे. म्हणून गाऱ्हाणे कोणाशी करीत नाहीत, कोणाजवळ करतात. मूल 'जवळ घेतात', व्यसन 'जवळ करतात', पक्ष सोडून गेलेल्याला पुन्हा 'जवळ करतात', आणि अतिच सलगी झाली तर लोक तिला 'जवळीक' म्हणून नाक मुरडतात. याच्या उलट बाजूचा शब्द 'अंतर' हा तर आपल्या भाषेतील एक कोडेच होय. अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधला पल्ला, आणि अंतर म्हणजेच हृदय. 'अंतरीची खूण' आणि 'अंतर पडले' या दोन प्रयोगांत तोच शब्द एकदा सर्वांत आतला होतो आणि एकदा सर्वांत दूरचा. मरणाच्या दारी असलेला बाप मुलांना 'आईला अंतर देऊ नका' असे सांगतो, तेव्हा तो मैलांबद्दल बोलत नसतो.

'जवळजवळ' या द्विरुक्तीने कमाल केली आहे. एखादा शब्द दोनदा उच्चारला की त्याचा जोर वाढावा, हा सामान्य नियम. 'गरमगरम' म्हणजे अधिक गरम. पण 'जवळजवळ' झाले म्हणजे पोचलो नाही. 'धान्य जवळजवळ संपले' म्हणजे अजून शेर-पायली शिल्लक आहे. जवळ येण्याच्या क्रियेला दोन वेळा हात लावून भाषेने तिला शेवटच्या पावलावर अडवून धरले आहे. 'पाशी' हा शब्द 'पार्श्व' म्हणजे कूस, बरगडीची बाजू यावरून आला. 'दारापाशी' म्हणजे दाराच्या कुशीत. त्याच कुळातला 'पासून' मात्र दूर जाण्याच्या कामी आला: 'पेणपासून', 'घरापासून', 'माणसांपासून'. ज्याला आधी कुशीला असल्याचा अनुभव नाही त्याला कोणापासून दूरही जाता येत नाही, हे मराठीच्या व्याकरणात असे गुपचूप नोंदलेले आहे.

शिवकालापासून पेशवाईपर्यंत आणि पुढे इंग्रजी अमलातही दफ्तराच्या भाषेने या कामासाठी आपले स्वतंत्र शब्द वापरले. फारसी 'नझ्दीक'चा मराठीने 'नजीक' केला, आणि तो आजही सरकारी कागदात व वर्तमानपत्रात ठाण मांडून आहे. आजही महामार्गावरील अपघात वडखळजवळ क्वचितच होतो. तो 'वडखळनजीक' होतो, कारण 'जवळ' म्हटले की थोडी माया येते आणि पंचनाम्यात मायेला जागा नसते. जमिनीच्या खरेदीखतात मात्र 'नजीक' चालत नाही. तेथे 'लगत' लागते. मौजे अमुक, तालुके पेण, जिल्हे कुलाबा, असा मथळा घालून दस्तऐवजाचा कारकून चतुःसीमा लिहावयास घेई: पूर्वेस अमक्याची खार, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस बांध, उत्तरेस सरकारी पड, आणि या चार दिशांना जे कोणी येतील ते लगत कब्जेदार. 'लगत' आणि 'लग्न' हे एकाच 'लग्' धातूचे दोन मुलगे आहेत. लगत म्हणजे चिकटून, मध्ये तसूभर जागा न सोडता. आणि म्हणूनच महाराष्ट्रातील दिवाणी दाव्यांत अशील आणि प्रतिपक्ष हे बहुधा एकमेकांचे लगत कब्जेदार असतात. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, पण जुने दस्त ज्या घरांत जपून ठेवलेले आहेत तेथे पेटीत कुलाबाच आहे.

धरमतरच्या परिसरात या 'लगत'ला एक जादा धार आहे. खारेपाटातील शेत हे समुद्राकडून हिसकून घेतलेले असते. बाहेरच्या बांधाने भरती थोपवावयाची, बांधातल्या उघाडीने पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावयाचे, आणि दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुऊन गेले की भात लावावयाचे. हा व्यवहार येथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. उधाणाच्या रात्री बांधाला एका ठिकाणी खांड पडली की खारे पाणी त्या एका शेतावर थांबत नाही, लगतच्या शेतात जाते, तेथून त्याच्या लगतच्या. आणि एकदा मीठ चढले म्हणजे ते शेत कित्येक वर्षे नापीक. त्यामुळे येथे शेजाऱ्याचा बांध हा आपलाच बांध असतो, मग त्या शेजाऱ्याशी आपले तोंड वाकडे असो. मध्यरात्री हाक आली की कंदील घेऊन सगळे धावतात. नकाशावरच्या लगतपणाला असे पाण्याने दिलेले हात-पाय कोकणातल्या खारजमिनीइतके अन्यत्र क्वचितच फुटले असतील.

पाण्याने दुरावलेले जवळचे गाव ही येथली जुनी गोष्ट आहे, आणि नवे युगही ती पुरती मिटवू शकलेले नाही. खाडीच्या मुखाशी करंजा आणि रेवस ही दोन गावे थोड्याशा पाण्याच्या दोन बाजूंस उभी आहेत. तरीने गेले तर काही मिनिटांची गोष्ट, आणि सडकेने गेले तर पेण-वडखळचा वळसा घालून साठ-सत्तर किलोमीटरांची. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण रचणाऱ्याने हा नकाशा पाहिला नसेलच, पण पाहिला असता तर त्याला म्हण बदलावी लागली नसती. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग काढण्याची कल्पना पुढे आली, आणि तिच्यात या मुखावरच्या पुलाचे स्वप्नही होते. कल्पनेला चार दशके उलटली. इकडे धरमतरवर पूल होऊन अलिबागची वाट मोटारींना मोकळी झाली, ती जुनी 'तर' रिकामी झाली, आणि डोलवीच्या पोलादाच्या कारखान्यासाठी कच्चा माल घेऊन येणाऱ्या बार्जेसनी खाडीचा ताबा घेतला.

पण धरमतर आणि 'जवळ' यांची सर्वांत अर्थपूर्ण गाठ पडली ती या सगळ्याच्या आधी, १९२७ साली. आणि ती पाण्याने पाडली नाही. त्या काळी मुंबईहून महाडास जाण्याची जवळची वाट म्हणजे आगबोटीने धरमतर आणि तेथून मोटारीने नागोठणे, कोलाड, माणगाव. डिसेंबरच्या अखेरीस महाडास सत्याग्रह परिषद भरावयाची होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी ओंजळीत घेतले होते, त्यापायी त्यांच्यावर लाठ्या पडल्या होत्या आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली होती. तो हक्क पुन्हा बजावण्यासाठी ही दुसरी परिषद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह २४ डिसेंबरला मुंबईहून निघाले, ते धरमतरला उतरले नाहीत. त्यांनी 'पद्मावती' बोटीने दक्षिणेकडचा लांबचा समुद्रमार्ग धरला, आणि हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीत शिरून दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव गाठले. धनंजय कीरांनी आपल्या चरित्रग्रंथात या निवडीचे कारण दिले आहे: धरमतरची वाट जवळची होती हे खरे, पण मोटारमालकांनी बहिष्कार घालून मंडळींना गाडीत घेतलेच नाही तर धरमतरहून महाड पायी गाठणे अशक्य, आणि दासगावहून महाड अवघे पाच मैल.

कारण ऐकले की मन क्षणभर थबकते. मैलांचा हिशेब येथे चुकलेला नाही. तो जाणून-बुजून बाजूला ठेवलेला आहे. मोटारीचा मालक ज्याला आत बसू देईल त्याच्यासाठी धरमतर जवळ. ज्याला तो बसू देणार नाही त्याच्यासाठी दासगाव जवळ, कारण तेथून पुढे स्वतःच्या पायांखेरीज कोणाची परवानगी लागत नव्हती. चवदार तळ्याचीही गोष्ट निराळी नव्हती. तळे महाडच्या वस्तीत होते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली आपले सदस्य बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी त्यास मान्यता दिली होती, आणि तरीही काठावरून पाण्यापर्यंतच्या चार पायऱ्या ज्यांना उतरता येत नव्हत्या त्यांच्या दृष्टीने ते तळे जवळ होते असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? त्या पायऱ्यांचा दावा मुंबईच्या उच्च न्यायालयात संपावयास १९३७ साल उजाडले.

दासगावच्या धक्क्यावर २५ डिसेंबरच्या दुपारी हजारो माणसे या बोटीची वाट पाहत उभी होती. बोट लागली, मंडळी उतरली, आणि रांगा धरून घोषणा देत महाडच्या दिशेने चालू लागली.